चिंचेतलं बिऱ्हाड

४ डिसेंबर

पोचलो एकदाचा. देहरादूनहून निघताना अंगात दोन स्वेटर होते, इथे बदलापूरला शीलाच्या घरी पंखा लावून बसलोय. स्टेंट टाकल्यानंतरचा पहिला हिवाळा डोंगरात काढू नका, गावाकडे जा, असं डॉक्टर म्हणाले. गाव म्हणजे आमचं विठ्ठलवाडी. पण तिथल्या चाळीत आता आमचं कोणी नाही, आणि बहीण इथे हेंद्रेपाड्यात आहे. परतीचं तिकीट मुलाने काढून दिलंय, ३० जानेवारीचं. त्याआधी दिसायचं नाही, अशी ताकीद आहे.

शीला जन्मभर नर्स होती. रिटायर झाली तरी ती नोकरी अंगातून उतरलेली नाही. आल्या आल्या माझ्या गोळ्या तिने टेबलावर ओळीने मांडल्या. रक्त पातळ करणारी गोळी वेगळ्या डबीत. "दादा, ही चुकवायची नाही आणि विसरून दोनदा घ्यायची नाही. जास्त झाली तर आतल्या आत रक्त वाहायला लागतं. माणूस नुसता सुस्त होतो, आपल्याला वाटतं झोप आलीये." मी हो हो म्हटलं. दुर्बीण मात्र तिला कपाटात ठेवू दिली नाही, उशाशी घेतली.

६ डिसेंबर

दरवर्षी देहरादूनहून चैत्यभूमीला येणं जमत नाही, आणि यंदा इतक्या जवळ असून शीलाने गर्दीत सोडलं नाही. घरातच बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली.

सकाळी उल्हास नदीवर चक्कर झाली. धोबी पक्षी आलेत. बेटे हिमालयातून आलेत, माझ्यासारखेच. शेपटी वरखाली करत चिखलात हिंडत होते. त्यांना डॉक्टरने पाठवलेलं नाही एवढाच फरक.

११ डिसेंबर

आज लॉटरी लागली. दुपारनंतर बारवीच्या रस्त्याला रिक्षा सोडली आणि कापलेल्या भातशेतातून चालत एका पाड्याशी पोचलो. घरामागे जुनी चिंच आहे. तिच्या ढोलीतून आवाज येत होता, कोणी तोंड उघडं टाकून घोरतंय असा. अंगणात एक म्हातारी पाखडत बसली होती. "झाडात कोण झोपलंय?" मी विचारलं.

तिने सूप खाली ठेवलं. "तुमालाबी आयकू येतं? बरं झालं. मला वाटलं माज्याच डोक्यात हाय."

तिचं नाव वेणूबाई. तिचा नवरा नाथा पडवीत खाटेवर पडून असतो, दमा आहे. त्याचा श्वासही तसाच वाजतो. रात्री जाग आली की कुठला आवाज झाडातला आणि कुठला खाटेवरचा हे तिला कळत नाही. मग ती उठून त्याच्या छातीवर हात ठेवते.

अंधारू लागल्यावर ढोलीच्या तोंडाशी पांढरा बदामी चेहरा आला. गव्हाणी घुबड! घोरत होती ती पिल्लं, भूक लागली की ती असाच आवाज करतात. दोन-तीन तरी असावीत. मी दुर्बीण डोळ्याला लावून उभा होतो.

तेवढ्यात वेणूबाईचा मुलगा जितेश बाइकवरून आला. चांगला उंचापुरा, विमानतळावर सिक्युरिटीत निवड झाली आहे, कागदपत्रांची तपासणी बाकी. म्हणाला, "काका, काढून घ्या फोटो. हे झाड जाणार आहे. हा प्राणी आला त्या दिवसापासून पप्पा उठले नाहीत. आजा गेला तेव्हा पण हाच बसला होता इथे. झाड नाही पडलं तर एक दिवस औषधच घालतो साल्याला."

मी ऐकून घेणारा नव्हे. छप्पन साली माझ्या वडिलांनी देव्हारा उतरवला तेव्हापासून आमच्या घरात शकुन-अपशकुनाला थारा नाही. चांगलं अर्धा तास बौद्धिक घेतलं. घुबड एका रात्रीत किती उंदीर मारतं, शेतकऱ्याचा कसा मित्र आहे, वगैरे. जितेश मोबाइल बघत होता. शेवटी वेणूबाईच बोलली, "पिल्लं उडू दे, मंग पाड. लेकराबाळाचं घर मोडायचं नाय."

जितेश म्हणाला, "सव्वीस जानेवारी. त्याच्यापुढे एक दिवस नाही."

मी वेणूबाईला म्हटलं, तोवर या घुबडांमुळे तुमच्या घरात काही वाईट होणार नाही, माझा शब्द.

"शिकल्या मानसाचा सबूद हाय," ती म्हणाली. "मला पुरे."

२३ डिसेंबर

एक दिवसाआड जातो. नाथाभाऊला खाटेवरून दुर्बीण दाखवली. त्याने ती उलटी धरली आणि हसला, मग खोकत राहिला.

पिल्लांचं मात्र काही खरं दिसत नाही. मागच्या शेताचे प्लॉट पडताहेत, दिवसभर जेसीबी फिरतो. बिळंच राहिली नाहीत तर उंदीर कुठून येणार? आज नर पहिल्या फेरीला रिकाम्या पायांनी आला. सगळ्यात धाकटं पिल्लू दिसेनासं झालंय. भावंडांनीच खाल्लं असणार, उपासमारीत तसं होतं. वेणूबाईला हे सांगितलं नाही. दोन उरलीत. या गतीने सव्वीस तारखेपर्यंत ती उडणं शक्य नाही.

३१ डिसेंबर

सोसायटीत उंदीर झालेत. मीटर रूममधल्या वायरी कुरतडल्या. सेक्रेटरी प्रमोद निळ्या गोळ्यांचं पाकीट घेऊन दारोदार फिरत होता. स्वतःच शोध लावल्यासारखा समजावत होता, "काका, ही भारी आयटम आहे. जागेवर मरत नाही. खाऊन चार-पाच दिवस फिरतो, सुस्त होतो, मग कुठेतरी बाहेर जाऊन मरतो. म्हणून बाकीच्या उंदरांना डाउट येत नाही. एकदम सायलेंट काम."

मला वाईट वाटलं. बिचारे चार-पाच दिवस मरत राहणार. जिन्याखाली, गच्चीवर, सगळीकडे त्याने गोळ्या ठेवल्या.

रात्री जेवताना मला एकदम कल्पना सुचली. इथे उंदीर नको आहेत आणि तिथे पिल्लं उपाशी! इतका सरळ हिशेब माझ्या लक्षात यायला एवढे दिवस लागले.

३ जानेवारी

उल्हासनगरला जाऊन पिंजरा आणला. दुकानदार सिंधी, गोड बोलून गळ्यात दोन मारायला बघत होता. "साईं, एक से क्या होगा? चूहे की तो पूरी फॅमिली होती है." एकच घेतला.

शीलाला पिंजरा आवडलेला नाही. "सगळीकडे औषध ठेवलंय आणि तू हे जिवंत उंदीर धरत बसणार?" मी तिला शांतपणे समजावलं. जो उंदीर भज्याच्या वासाने पिंजऱ्यात येतो तो गोळीला फसलेला नाही, हे उघड आहे. फसलेला असता तर पोट भरलेलं असतं, भजं कशाला खाल्लं असतं? शीला म्हणाली, "बरं बाबा, तू हुशार." तिला वादात हरलेलं कबूल करता येत नाही, लहानपणापासूनचं आहे.

६ जानेवारी

जमलं! वेणूबाईच्या खळ्यावर एक जुना टब ठेवला आणि त्यात उंदीर सोडला. उंदराला कड चढून बाहेर पडता येत नाही. अंधार पडता पडता मादी आवाज न करता खाली आली आणि उचलून घेऊन गेली. ढोलीत घोरणं थांबलं, थोडा वेळ पूर्ण शांतता. वेणूबाई दचकून पडवीत पळाली. नाथाभाऊ ठीक होता. परत आली तेव्हा ओशाळली होती. "थांबलं का मला भ्या वाटतं," म्हणाली.

फोटो देहरादूनच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला. अठरा जणांनी अंगठे दाखवले. नरेंद्र एकटा शहाणा, त्याने लिहिलं, रानपाखराला हाताने खायला घालणं बरं नव्हे. त्याच्या आयुष्यात घुबड कधी वीस फुटांवर आलेलं नाही, त्याचा हा जळफळाट.

१० जानेवारी

आता रोज जातो. रोज एक-दोन उंदीर मिळतात. पहिल्या दिवशी पिंजऱ्यातला उंदीर नुसता थयथयाट करत होता, आताचे फार समजूतदार आहेत. पिशवीत घातले तरी गप्प. काल एक तर रिक्षात माझ्या मांडीवर झोपूनच गेला म्हणायचा. टबात सोडले तरी पळापळ करत नाहीत, त्यामुळे घुबडांनाही सोपं जातं.

पिल्लं गुबगुबीत झालीत. मोठं ढोलीच्या तोंडाशी येऊन पंख झाडतं. सव्वीसच्या आत उडणार, मी आता पैज लावायला तयार आहे.

१४ जानेवारी

वेणूबाईने तिळगूळ दिला, पण तिचं मन ठिकाणावर नव्हतं. तिची मांजर मेली. टबातला उंदीर पळवायची तिला खोड लागली होती, दोनदा मी स्वतः हाकललं होतं. गेले दोन दिवस खात नव्हती, आज चुलीजवळ मरून पडलेली, नाकाला रक्त.

जितेशने मांजर पोत्यात गुंडाळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं सुरू. तुमचा शब्द होता ना काका?"

मी म्हटलं, मांजर मरायला घुबड कशाला लागतं? साप असेल, कुत्रं असेल. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पोतं उचललं. त्याची ती नजर मला अजिबात आवडली नाही. औषध घालायची भाषा मी विसरलेलो नाही.

माझ्या हिरड्यांतून सकाळी ब्रश करताना थोडं रक्त आलं. शीलाने लगेच रक्त तपासायला पाठवलं आणि डॉक्टरला विचारून गोळी अर्धी केली.

१७ जानेवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवतो. भर दुपारी चार वाजता मादी उघड्यावर, अगदी खालच्या फांदीवर बसली होती, डोळे मिटून. मी चार पावलं पुढे गेलो, हलली नाही. आणखी दोन गेलो. हात लांब केला असता तर पोचला असता. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. चाळीस वर्षांत पक्ष्याने माझ्यावर एवढा विश्वास टाकलेला नाही. मी तिथेच बसलो आणि रडलो, खोटं कशाला लिहू.

वेणूबाई लांबून बघत होती. "भाऊ, ती बरी नाय वाटत."

मी म्हटलं, माणसाळली आहे, वेणूबाई. रोजचा माणूस ओळखते.

नर कालपासून दिसलेला नाही. बहुतेक नवीन जागा शोधत असेल.

१९ जानेवारी

मेली.

चिंचेच्या बुंध्याशी पडली होती, पंख पसरून. कुठे जखम नाही, चोचीपाशी रक्ताचा थेंब. नर कुंपणाच्या पलीकडे सापडला, त्याला मुंग्या लागल्या होत्या. मोठं पिल्लू ढोलीतच गार झालेलं. शेजारच्याने शिडीवर चढून धाकटं काढलं, ते जिवंत आहे.

मी जितेशला सगळ्यांसमोर विचारलं, काय घातलंस? तो ओरडला, "मी कशाला घालू? सव्वीसला झाड पाडणारच होतो ना! आणि औषध घालायला उंदीर आहेत कुठे आमच्याकडे? तुम्हीच बाहेरून आणून घालता!" गुन्हेगार नेहमी फाटे फोडतो. मी त्याच्या आईकडे वळून म्हटलं, तुमच्या मुलाने तुमच्या पदराखालची लेकरं मारली. ती खाली बसली. मुलाकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, तशी आईने बघू नये.

तिथूनच वनखात्याला फोन लावला. तक्रार माझ्या नावाने, संशयित जितेश. घुबड मारणं गुन्हा आहे म्हटलं, हलका समजू नका. पिल्लाबद्दल बोललो नाही. त्यांच्या केंद्रात कोण बघणार त्याच्याकडे? मला अनुभव आहे. शबनममध्ये घालून घरी आणलं.

२२ जानेवारी

पिल्लू बाल्कनीत खोक्यात ठेवलंय. पहिले दोन दिवस चिकनवर भागवलं, पण त्याला केस-हाडांसकट भक्ष्य लागतं. आज पिंजऱ्यात आलेला एक ताजा दिला. अख्खा गिळला, कौतुकाने बघत राहिलो. उंदीर आता कमी झालेत सोसायटीत. प्रमोद जिन्यात भेटला, छाती फुगवून म्हणाला, "बघितलं ना काका? सायलेंट काम."

वेणूबाईचा फोन आला होता. "आता एकाचीच घोर आयकू येते," म्हणाली. "यांची. रातभर मोजत बसते."

२६ जानेवारी

झाड पाडलं नाही. जितेश घरी नाही म्हणे, चौकशीला बोलावल्यापासून मित्राकडे अंबरनाथला राहतो. विमानतळाची तपासणी अडकली, तक्रार असलेल्या माणसाला कोण घेणार. मला आनंद झाला असं नाही. पण केलं ते भोगावं लागतं.

पिल्लू पूर्वी घोरून घर डोक्यावर घ्यायचं, शीला वैतागायची. आता शहाण्यासारखं गप्प बसतं.

२८ जानेवारी

मेलेल्या घुबडांच्या तपासणीत निघालं ते मी म्हणतच होतो. पोटात रक्त साकळलेलं, उंदराचं औषध. वनखात्याच्या माणसाने फोनवर सांगितलं, आईचा जबाब मिळाला तर केस पक्की होईल. मी लगेच वेणूबाईला फोन केला. खरं ते सांगा म्हटलं, मुलगा असला तरी. नाथाभाऊ खोकत होता, त्याला पाणी देऊन ती परत फोनवर आली. मग म्हणाली, "तुमी शिकलेलं हाव. तुमी म्हनता तर त्यानंच घातलं आसंल."

पिल्लू आज माझ्या ओंजळीत झोपलं. हातात इतकं हलकं लागतं. बनियनवर लाल डाग पडला, उंदराचा असेल.

२९ जानेवारी, संध्याकाळ

सकाळी बॅग भरून दाराशी ठेवली. उद्या गाडी. पिल्लाला शेजारच्या पायलकडे सोपवून जायचं, काय भरवायचं ते तिला दाखवायचं, असं ठरवलं होतं. ओंजळीत घेऊन बसलो होतो तेव्हा शीला चहा घेऊन आली. तिने कप ठेवला, चश्मा लावला आणि न विचारता पिल्लाचा पंख उचलून बघितला. पिसांखाली कातडी काळी-निळी पडली होती.

"दादा, हे झोपलेलं नाहीये. याला आतून रक्त चाललंय."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस, आठवडाभर व्यवस्थित खातंय.

"काय खातंय?"

मी बाल्कनीकडे बघितलं. पिंजऱ्यात सकाळचा उंदीर होता. कोपऱ्यात बसून होता, पिंजरा हलवला तरी हलला नाही. खाली पडलेल्या लेंड्या निळ्या होत्या. इतक्या दिवसांत मी त्या बघितल्या नव्हत्या असं नाही. बघितल्या होत्या, झाडूने रोज काढत होतो.

शीला हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या डबीतली गोळी असते ना, त्याच जातीचं असतं ते औषध. फक्त त्यांना कोणी अर्धी करून देत नाही." तिच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरला तिने फोन लावला, इंजेक्शनचं नाव लिहून घेतलं, चप्पल घालून स्टेशनजवळच्या मेडिकलला गेली. ती यायच्या आत पिल्लाने माझ्या तळहातावर एकदा मान टाकली, मग पुन्हा उचलली नाही.

भजं खाणारा उंदीर गोळी खात नाही. हे मी म्हटलं होतं. एवढं मोठ्याने, एवढ्या खात्रीने म्हटलं होतं.

पाच वाजता वेणूबाईचा फोन आला. मी काही बोलायच्या आत तीच बोलली. "भाऊ, देऊन आले बगा जबाब. आंगठा दिला. माज्याच लेकानं घातलं म्हनून सांगितलं. तो भाईरच उबा होता, बगत होता माज्याकडं. तुमी म्हनलं व्हतं ना, तुमच्या घरात काय वाईट होनार नाय? मंग मला हे आसं का वाटतंय वो?"

येतो, एवढंच म्हणालो. कधी ते तिने विचारलं नाही.

पिल्लू कापडात गुंडाळलंय. पिंजरा आणि प्रमोदकडून मागून घेतलेलं गोळ्यांचं रिकामं पाकीट घेतलंय. तिन्ही एका पिशवीत भरली. उद्या आधी वनखात्यात जायचं की आधी पाड्यावर, हे ठरत नाही. जितेशला काय सांगायचं ते तर अजिबात सुचत नाही. गाडी सकाळची आहे. मनात येऊन गेलं, लपवत नाही, की गाडीत बसलो तर डोंगरात मला कोण विचारायला येणार आहे.

पिशवी दाराशी, बॅगेच्या शेजारी ठेवली. थोड्या वेळाने शीला आतून आली. तिने देहरादूनची बॅग उचलली आणि आत नेऊन कपाटात ठेवली.